सातव्या गाण्यातला गॅप

सूर जुळायला आम्हाला तीन महिने लागले. किस्से पहिल्याच रविवारपासून जमायला लागले.

निनाद, माझा मुलगा, गिटारवर स्वतःची गाणी करायचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचा. तो गेला, गाणी राहिली. सात. ती व्हायोलिन, व्हायोला, चेलोवर बसवून लोकांसमोर वाजवायचीच, हे मी ठरवलं. पिंपळे गुरवला आमच्याच हॉलमध्ये तालीम सुरू झाली.

*

व्हायोलिनवाले सलीमभाई. चिंचवडला त्यांचं गॅरेज आहे. डोळे मिटून त्यांनी पहिलं गाणं ऐकलं. "ताई, चाल सुरेख आहे. तिसरी तार जरा उतरलीय." मग ओशाळून म्हणाले, "इंजिन ऐकायची सवय. आधी दोषच ऐकू येतो."

*

व्हायोला शिर्केंकडे. त्यांच्या वाट्याला बराच वेळ एकच सूर. कंपनीच्या बसमध्ये चाकणपर्यंत ते तो गुणगुणत बसायचे. शेवटी शेजारचा म्हणाला, "राव, मी समजलो गाडीचा बेल्ट घासतोय."

*

खालच्या काकू वर आल्या. "तासभर एवढं रडकं काय वाजवताय?"

"काकू, हे ट्यूनिंग," सलीमभाई म्हणाले. "गाणं अजून सुरू व्हायचंय."

*

शिर्के क्वालिटी इन्स्पेक्टर. पास झालेला नग मास्टर सॅम्पल म्हणून जपायचा आणि पुढचा प्रत्येक नग त्याच्याशी ताडून बघायचा, हे त्यांचं काम. चेलो वाजवणाऱ्या गायत्रीने अरेंजमेंट करताना दुसऱ्या गाण्यातले दोन सूर बदलले, तर लगेच म्हणाले, "मॅडम, हे डेव्हिएशन झालं. कस्टमरची सही लागेल."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, सही करणारा आता नाही.

मी पेन मागितलं, कागदावर सही केली. म्हटलं, "वाजवा."

*

सातव्या गाण्यात, शेवटच्या कडव्याआधी गिटार थांबते. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज येतो, "निनाद, पोळ्या गार होतायत." तो म्हणतो, "एवढं कडवं होऊ दे, आई." आणि पुढे वाजवतो.

गायत्रीने तेवढा गॅप काढून कडवी जोडली. शिर्केंनी नुसता कागद माझ्यापुढे ठेवला. मी सही केली नाही.

कार्यक्रमाला चिंचवडचा छोटा हॉल भरला होता. सातव्या गाण्यात तिघं त्या जागी आले आणि थांबले. गज तारांवरून उचललेले. लोक बघत राहिले. मी पहिल्या रांगेत होते.

"निनाद," मी म्हटलं, "पोळ्या गार होतायत."

सलीमभाईंनी व्हायोलिन हनुवटीखाली नीट धरलं.

"एवढं कडवं होऊ द्या, ताई."