देऊळ उजव्या हाताला

रंभाजी लिंबोऱ्याच्या होडीत बसायचं, तर आधी भामाबाईचं ऐकून घ्यावं लागे.

"पिशव्या मधी ठेवा. बूट काढू नका, तळाला पानी असतं. आन् उभं ऱ्हायचं न्हाई. पाखरू उडालं तरी न्हाई. पाखराला पंख हायेत, तुमाला न्हाईत."

एवढं बजावून ती पाहुण्यांच्या अंगात लाल जाकिटं चढवी. स्वतःचं जाकीट मात्र होडीच्या पुढच्या टोकावर उशीसारखं ठेवून त्यावर बैठक मारी. लुगड्यावर ते फुगीर प्रकरण घालायची तिला लाज वाटे. मांडीवर चहाच्या सामानाचा पत्र्याचा डबा असे. मागच्या टोकाला, तोंड पुढे करून, रंभाजी वल्ही धरून बसे. पाहुण्यांना वाटे, म्हातारी मोठी हौशी. या वयातही नवऱ्याबरोबर पाण्यावर हिंडते.

खरी गोष्ट त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. रंभाजीला दिसत नव्हतं.

काचबिंदू होता. तीन वर्षांपूर्वी नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही फार दिवसांची सोबतीण नाही. ते खरं ठरलं. आता उजेड आणि सावली तेवढी उरली होती. समोर माणूस आला तर सावली हलली एवढं कळे. तो माणूस सुनील आहे की सोसायटीचा चेअरमन, हे आवाजावरून ओळखायचं.

मग असा माणूस धरणाच्या पाण्यात होडी घालतो कशी?

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. नाथसागर भरला तेव्हा शेवगावकडची जी गावं पाण्याखाली गेली, त्यांत निंबेटाकळी होती. रंभाजी तेव्हा पंधरा वर्षांचा. गावाची वेस, वेशीपासून चावडीपर्यंतचा बोळ, पाटलाची विहीर, भोयांची आठ घरं, धाब्याचं मारुतीचं देऊळ, सगळं त्याच्या तळपायांना पाठ होतं. गाव वर सरकलं, नव्या निंबेटाकळीत पत्र्याची घरं उभी राहिली आणि नदीचा भोई धरणाचा भोई झाला. जाळ्यात काही लागेना, अशी दोन वर्षं आली. तेव्हा रंभाजी पाथर्डीच्या टोळीबरोबर कोपरगावकडं ऊस तोडायलाही जाऊन आला. दुसऱ्या वर्षी पट्टा पडायच्या, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायच्या, आधीच परतला. मुकादम म्हणाला, "का रं, कोयता जड झाला?" हा म्हणाला, "कोयता न्हाई, जमीन जड झाली. हालतच न्हाई पायाखाली."

पाण्यावर तो परत आला तो कायमचा. होडीखाली बुडालेलं गाव आणि होडीवर हा. जुन्या बोळाच्या बरोबर वरून तो वल्हवत जाई. "आता वेशीतून आत आलो. ह्ये डाव्या अंगाला छबूबाईचं घर, लई तोंडाळ बाई, इथून जपून चला." पाहुणे हसत. घाटापासून वेशीपर्यंत किती वल्ही, वेशीपासून देवळापर्यंत किती, सगळा हिशोब त्याच्या खांद्यांत भरलेला होता.

भामाबाई गाव बुडाल्यावर लग्न होऊन आली. तिनं जुनी निंबेटाकळी कधी पाहिलीच नव्हती. तिला ठाऊक होतं ते फक्त वरचं पाणी: कुठं जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे तरंगतात, कुठं वाऱ्यानं लाट उठते, कुठं खुंट वर येतो. त्याला तळ दिसे, तिला पृष्ठभाग. दोघं मिळून एक धडधाकट नावाडी होता.

नाटकात पडद्याआड एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. नट अडखळला की हळूच शब्द पुरवतो. टाळ्या नटाला पडतात, त्या माणसाचं नाव जाहिरातीतही नसतं. भामाबाईनं ती जागा घेतली होती. डब्यावर एकदा टकटक केलं की डावीकडं, दोनदा केलं की उजवीकडं, आणि डबा गप्प असला की सरळ. मध्ये बसलेल्यांना वाटे, बाईला ताल धरायची सवय आहे.

तिला हे आवडत नव्हतं. संक्रांतीला तिनं तोंडावर सांगितलं होतं, "ह्यो हंगाम शेवटचा. शिवरात झाली की सुनीलला समदं सांगायचं." सुनील म्हणजे रंभाजीचा पुतण्या, मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. होड्यांचे परवाने त्याच्याच हातात होते.

"होडी काढून घेतील, भामे."

"घेऊ द्या. घरी बसा, मी भाकर घालते."

"घरी बसून कोन होऊ मी?"

शिवरातीचा शब्द मात्र तिनं घेतला होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी प्रवीण आणि धनश्री हे नवराबायको नगरहून आले. प्रवीणच्या गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा. होडी सुटली तशी धनश्रीला गप्पांचा उत्साह आला.

"काका, आम्ही दिवाळीत कोकणात गेलो होतो. देवमासा दाखवतो म्हणून एकानं होडीत बसवलं. तीन तास!"

"दिसला का?"

"हिची उलटी दिसली," प्रवीण म्हणाला.

"गप रे! शेपटीसारखं काहीतरी दिसलं होतं."

"ती त्या होडीवाल्याची चप्पल होती."

भामाबाई पदर तोंडाला लावून हसली. रंभाजी म्हणाला, "ताई, आमच्याकडं देवमासा न्हाई. पर समुद्राची पाखरं येत्यात, कुरव. थंडीत पाहुनी येत्यात, उन्हाळा लागला की जात्यात. ऐका, तिकडं बोलतायत."

खरंच लांबून खिदळल्यासारखा आवाज येत होता. रंभाजीनं नुसत्या कानांनी ओळखत चार पक्षी सांगितले. सुरय, चक्रवाक, शराटी, आणि पलीकडच्या गाळावरचे रोहित. प्रवीणनं दुर्बीण लावून पाहिलं, चारही बरोबर. "काका, तुमची नजर म्हणजे काय नजर आहे!" तो म्हणाला. पुढं भामाबाईनं मान खाली घातली.

त्या आठवड्यात कालव्याला आवर्तन सुटलं होतं. पाणी भराभर उतरलं होतं. मधल्या दुष्काळात धरण आटलं, तेव्हा जुन्या गावठाणावर वेड्या बाभळींचं रान माजलं होतं. पुढं धरण भरलं आणि त्या उभ्याच्या उभ्या बुडून मेल्या. पाणी उतरलं की त्यांचे खुंट पाण्याखाली वीतभरावर येऊन थांबत. रंभाजीच्या मनातल्या गावात या बाभळी नव्हत्याच. ते गाव त्याच्या पंधराव्या वर्षीचं होतं.

होडी वेशीतून आत आली. कुरवांचा थवा देवळाच्या पलीकडं पाण्यावर बसला होता. हजारभर तरी असतील. त्यांचं पूर्ण नाव तपकिरी डोक्याचा कुरव, पण थंडीत त्यांची डोकी पांढरीच असतात. सगळं पाणी कापूस सांडल्यासारखं दिसत होतं.

इथं निंबेटाकळीच्या भोयांची एक रीत होती. देवळाच्या वरून होडी न्यायची नाही. मूर्ती कधीच नव्या गावात नेलेली, खाली नुसत्या चार भिंती. तरी देऊळ उजव्या हाताला ठेवून, वळसा घालूनच पुढं जायचं. भामाबाई चेष्टा करायची, "देव वर येऊन बसलाय, ह्ये खाली कुनाला फिरत्यात?" रंभाजी म्हणायचा, "जागा हाय ती. जागा कुठं जाती?"

त्याच्या खांद्यांनी मोजलं. चाळीस वल्ही झाली, देऊळ आलं. डबा गप्प होता, म्हणजे तिच्या मते सरळ. तिला काय ठाऊक खाली काय आहे? त्यानं होडीचं तोंड डावीकडं घेतलं.

डब्यावर दोन टकटक झाल्या. उजवीकडं.

उजवीकडं तर देऊळ. रंभाजीनं डावीकडं ओढ दिली.

पुन्हा दोन. मग पुन्हा दोन, घाईघाईनं. मग ती टकटक सोडून ओरडलीच, "अवो, उजवीकडं!" नेमकं त्याच क्षणी सगळे कुरव एकदम उठले. हजार पंखांचा आवाज झाला आणि प्रवीण कॅमेरा घेऊन उभा राहिला.

होडीचा तळ कशावर तरी चढला. बाभळीचा खुंट. होडी एका अंगावर कलली, क्षणभर तशीच थांबली आणि धाडकन सरळ झाली. प्रवीण फळीवर आपटला. धनश्रीनं कड घट्ट धरली होती. पुढची जागा रिकामी होती. लाल जाकीट पाण्यावर वेगळंच तरंगत होतं.

"बाई पडल्या! काका, बाई पडल्या!"

रंभाजीनं वल्ही टाकली. तो उभा राहिला आणि हात पुढं करून म्हणाला, "कुठं? कुठं पडली?"

"अहो ही काय, समोर! बुडबुडे येतायत!"

"समोर म्हंजी कुठं? माझ्या कोन्या हाताला? ताई, हात सांगा!"

धनश्री त्याच्याकडं बघतच राहिली. तिला सगळं एका झटक्यात कळलं. "उजव्या! उजव्या हाताला, चार पावलं!"

त्यानं उडी घेतली.

भामाबाईला पोहता येत होतं. भोयाच्या घरची बाई ती. पण खुंटांना कुणाची तरी फाटकी नायलॉनची जाळी अडकून राहिली होती. तिचं नऊवारी लुगडं त्या जाळीत गेलं, आणि जितकी ती धडपडली तितकी जाळी आवळत गेली. पहिल्या बुडीला रंभाजीच्या हाताला नुसता गाळ लागला. दुसऱ्या बुडीला दगड लागला, घडीव, कडेला खाच असलेला. देवळाच्या उंबऱ्याचा. म्हणजे त्याचा हिशोब चुकला नव्हता, देऊळ तिथंच होतं. तिसऱ्या बुडीला लुगड्याचा काठ हाती आला. कमरेच्या सुरीनं त्यानं जाळी कापली आणि तिला वर आणलं. तेव्हा पाण्यावर हजार पाखरांचा कोलाहल चालला होता आणि तिच्या नाकातोंडाशी काहीच चाललं नव्हतं.

प्रवीणनं वल्ही मारली, वेडीवाकडी, रडत. धनश्रीनं बाईची छाती दाबली, तोंडानं श्वास भरला, पार घाट येईपर्यंत. घाटावरच्या माणसांनी पालथं करून पाणी काढलं. उपयोग झाला नाही.

दुपारी हवालदार पंचनाम्याला आले. गाव घाटावर जमलं होतं. भामाबाईवर चादर घातली होती. रंभाजी ओल्या अंगानं तिच्या पायाशी बसला होता. प्रवीण दोन हातांच्या अंतरावर, चिंचेच्या बुंध्याशी, ज्याला त्याला तेच तेच सांगत होता, "मी उभा राहिलो. त्यांनी सांगितलं होतं उभं राहायचं नाही. माझ्यामुळं गेल्या त्या."

सुनील चुलत्याच्या कानाशी वाकला. "काका, तुमी गप ऱ्हावा. सायेब सोताच कबूल करतोय. उभा ऱ्हायला, होडी कलंडली, बास. परवाना शाबूत ऱ्हाईल तुमचा. जानारी गेली, मागं तुमी काय करनार?"

धनश्रीनं ते ऐकलं. ती बोलू शकली असती. पण ज्याची बायको समोर पडली आहे, त्याच्यावर बोट दाखवायला तिची जीभ उचलेना. ती नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि रंभाजीकडं बघत राहिली. रंभाजीला तिचं बघणं दिसत नव्हतं, हे तिला कळत होतं, तरी बघत राहिली.

हवालदारानं लिहायला घेतलं. "प्रवासी उभा राहिल्यानं तोल जाऊन..."

"न्हाई," रंभाजी म्हणाला.

"काय न्हाई?"

"तसं लिहू नका. होडी आधी खुंटावर चढली. म्या चढवली. मला दिसत न्हाई, सायेब. दोन डोळ्यांनी न्हाई. तीन वर्सं झाली."

सुनील म्हणाला, "काका!" हवालदारानं पेन थांबवलं.

"दिसत नाही? मग इतके दिवस होडी कशी चालवली?"

"ती सांगायची. आजबी सांगितलं तिनं. तीनदा सांगितलं. म्या ऐकलं न्हाई."

हवालदारानं लिहिलेली ओळ खोडली. "ह्यानं गुन्हा दाखल होईल तुमच्यावर. माहितीय ना?"

"व्हय."

"परवाना तर जाईलच."

"व्हय. जाऊ द्या."

पुढचं सगळं लिहून झालं. खाली त्याचा अंगठा घेतला. सुनीलनं होडीला साखळी घातली. भामाबाईला तपासणीसाठी शेवगावच्या दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा कुणीतरी रंभाजीच्या दंडाला धरून त्याला उठवलं. उभ्या हयातीत त्याला असं धरून कुणी उठवलं नव्हतं. तो थांबला. चिंचेच्या दिशेला तोंड वळवलं, जरा चुकीच्याच दिशेला.

"ते सायेब हायेत का अजून?"

"आहे," प्रवीण म्हणाला.

रंभाजीनं आवाजाकडं तोंड फिरवलं. "आमच्या घरी आज चूल न्हाई पेटायची. पर सुनीलच्या घरी बसा, दोघंबी चहा घ्या. अंग ओलं हाय तुमचं. आन् मग निघा उजेडात." मग तो म्हणाला, "तुमच्या हातनं काई झालं न्हाई, बाळा. गाडी सावकाश न्या."