दहावा तुकडा

सणासुदीच्या आठवणी निघाल्या की लोकांचे डोळे पाणावतात. खुर्चीवालीच्या कपाळावर आठ्या चढतात. बेचाळीस वर्षांची बाई. जुन्या खुर्च्यांच्या गाद्या उसवून नव्यानं भरून देण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण वल्हांडणाचं नाव काढा, ओठांत धरलेले खिळे काढून ती म्हणेल, "दुसरं बोला."

कारण तिचे बाबा. घड्याळजी होते, आणि घरातली माणसंही किल्ली दिल्यावरच चालावीत असा त्यांचा खाक्या. ज्यू घर, वल्हांडण हा त्यांचा मोठा सण, त्याचे आठ दिवस घरात पावाचा कणही राहता कामा नये. म्हणून आदल्या संध्याकाळी मेणबत्ती घेऊन सगळं घर धुंडाळायचं. शोध रिकामा जाऊ नये म्हणून आई मुद्दाम पावाचे दहा तुकडे कागदात बांधून लपवायची, पोरीनं ते हुडकायचे, सकाळी अकराच्या आत बाबांनी जाळायचे. इतरांच्या घरी पोरं खिदळत शोधायची म्हणे. इथं बाबा मागून मोजत यायचे.

ती आठ वर्षांची असताना नऊच सापडले. दहावा कुठं ठेवला ते आईला काही केल्या आठवेना. घर उलथंपालथं झालं, फक्त बाबांच्या खुर्चीला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. त्याच खुर्चीत धाडकन बसून त्यांनी निकाल दिला, "हिनंच खाल्ला. चोरटी कुठली!"

"नाही हो बाबा, शप्पथ!"

"वर खोटं बोलते!"

सणाच्या रात्री जेवणाच्या टेबलावर घरातल्या सगळ्यात लहानानं ठरलेले प्रश्न विचारायचे असतात. तिनं ते महिनाभर घोकले होते. बाबांनी तिला स्वयंपाकघरात बसवलं, प्रश्न स्वतःच विचारले आणि उत्तरंही स्वतःच दिली. पुढं दर वर्षी पाहुण्यांसमोर तेच, "हिच्यापासून पाव सांभाळा बरं का!" पाहुणे हसायचे. आई मान खाली घालायची, आणि त्याबद्दल तिला आईचाही राग येतो, आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

यंदा ज्या संध्याकाळी सण सुरू होणार, त्याच दिवशी सकाळी दहाला बाबा ती खुर्ची हातगाडीवर घालून तिच्या दुकानात हजर!

"स्प्रिंग टोचते. रात्री सणाच्या जेवणाला टेकून बसायचं असतं. लवकर कर."

"कशी आहेस विचारलंत तर तोंड दुखेल का?"

"मी सगळं जाळून आलोय. घर लख्ख आहे. तू तुझं काम कर."

तिनं बैठकीची शिवण उसवली. पाठीकडच्या फटीतून काथ्यात हात घातला, तर बोटांना कागद लागला. आई द्यायची तसा दोनदा पीळ दिलेला. आत बोटाच्या पेराएवढा पाव, दगड झालेला. आईनं फटीत खोचला, तो आत घसरला असणार. ज्या खुर्चीत बसून तिला चोर ठरवलं, तिच्यातच!

"हा घ्या तुमचा दहावा."

बाबा पांढरेफटक पडले. "अरे देवा! चौतीस वर्षं! दर सणाला मी पावावर बसून प्रार्थना केली!" ते खिसे चाचपू लागले. "काडेपेटी दे. अकराला दहा कमी आहेत. आण इकडे!"

तिनं मूठ मिटली. "आधी म्हणा, तू खाल्ला नव्हतास."

"ही वेळ आहे का?"

"हीच आहे. तीन शब्द आहेत, बाबा."

बाबांनी घड्याळाकडं पाहिलं, मग तिच्या मुठीकडं. तिच्या चेहऱ्याकडं नाहीच. "तेव्हा नीट शोधला असतास तर आज ही पाळी आली असती का?"

एवढी वर्षं तिला वाटत होतं, तो तुकडा सापडला की सगळं मिटेल. काय वेडी होती ती!

बाबा मूठ उघडायला झटू लागले. तिनं हात झटकला, तुकडा तोंडात टाकला आणि दाढेखाली कडाकडा फोडला. धूळ, काथ्या, जुनाट वास. उमासा आला तरी तिनं तो गिळला.

"आता खाल्ला," ती म्हणाली. "आता खुशाल सांगा पाहुण्यांना."