धुरी कुणी दिली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण मध्ये थांबवू नका — थांबले तर पुन्हा माझं तोंड उघडणार नाही.

माझी अन्वी सातव्या महिन्यातच झाली. आधी व्हेंटिलेटर, मग कितीतरी दिवस ऑक्सिजन. ज्या मशीननं तिला जगवलं, त्याच्याच दाबानं कोवळी फुप्फुसं दुखावतात, असं डॉक्टरांनी समजावलं. घरी सोडताना बजावलं — धूर नको, उदबत्तीसुद्धा नको. मी राजारामपुरीत आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते, फळ्यावर फुप्फुसं काढून दाखवते. मला का हे कळत नव्हतं?

सासूबाई आजऱ्याहून शेगडी घेऊनच आल्या होत्या. ओवा, वावडिंग, लसणाच्या साली, सगळं पुरचुंडीत बांधून. बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायचीच, ही आमच्याकडची रीत. मी तोऱ्यात नको म्हणाले. ‘डाक्टर न्हाई म्हणत्यात न्हवं? मग न्हाई,’ म्हणून त्यांनी शेगडी माळ्यावर टाकली. वाद घातला नाही.

आणि मग ती दुपार. सासूबाई भाजीला गेल्या होत्या. अन्वीची छाती घरघरत होती, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, दूध ओढेना. दवाखान्यात न्यायला हवं होतं — कळत होतं हो! पण पुन्हा ती काचेची पेटी, पुन्हा त्या नळ्या... धुरीनं कफ सुटतो, हे लहानपणापासून ऐकत आलेले. मी शेगडी काढली. गॅसवर करवंटी पेटवून तिच्यात ठेवली, वर ओवा आणि साली टाकल्या. थोडीशीच देऊ, म्हटलं.

थोडीशी — कुणाच्या मापानं? ती खोकली. मग खोकायचीही थांबली. ओठ निळे पडले.

सासूबाई परतल्या तेव्हा मी तिला उराशी धरून जिना उतरत होते. दवाखान्यात तिला आत घेतलं. नवरा कपडे आणायला घरी गेला आणि शेगडी बघून आला. सगळ्यांदेखत आईवर ओरडला. ‘शेगडी म्या आणलीती, पर —’ एवढंच त्या बोलल्या. पुढचं त्यानं ऐकूनच घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओढणीची घडी घालत बसले.

दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना आजऱ्याच्या एसटीत बसवलं.

अन्वी वाचली. आता शाळेत जाते, दप्तरात श्वासाचा पंप असतो. थंडी पडली की मी तिच्या छातीला कान लावून बसते. एवढं भ्यायलेलं माणूस शहाणं कसं राहील? डॉक्टर म्हणतात, कारणं बरीच असतात — लवकर जन्म, मशीन, जंतुसंसर्ग, धूर. त्यात माझा वाटा किती, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

मागच्या महिन्यात सासूबाई आल्या होत्या. दारातच थांबल्या. ‘म्या लांबनंच बघतो,’ म्हणाल्या. अन्वी ‘आज्जी’ म्हणत धावली. नवरा समोरच उभा होता. मी तिचा दंड धरला आणि तिला मागे ओढलं.