रूथताईंचा अर्ज

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं तिच्यासमोर तर — थांबा, आधी रूथताई कोण ते सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, एका कागदाची गोष्ट, तिचं एवढं काय घेऊन बसलीय ही.

शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअरला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. पाबळहून कंपनीच्या बसनं जाते-येते. कामाला लागले तेव्हा मला कशातलंच काही कळत नव्हतं. रूथताईंनी हाताला धरून शिकवलं. शिरूरात जुन्या मिशनच्या आवारात त्यांचं घर, घरी म्हातारे वडील. लग्न केलं नाही. बंद खोका नुसता उचलला तरी आत साधारण किती नग आहेत ते त्या सांगायच्या, आणि उघडून मोजलं की तेवढेच निघायचे. माझी मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा सलग चार दिवस त्यांनी स्वतःचं संपवून माझंही काम केलं. कुणाला कळूसुद्धा दिलं नाही.

मग बदल सुरू झाले. आधी नवे साहेब आले आणि खात्याचं नाव स्टोअरचं ‘मटेरियल’ झालं. ते गेले, दुसरे आले, ‘सप्लाय चेन’ झालं. दर वेळी भिंतीवर नवा तक्ता, गळ्यात नवं कार्ड, कॉम्प्युटरवर नवी पद्धत. आणि दर वेळी नवे साहेब एकेकाला आत बोलावून विचारणार — तुम्ही नेमकं काय काम करता? कधी रूथताई दोन रॅक सांभाळायच्या, कधी सहा. कधी दिवसभर नुसती स्क्रीन. एकदा बसच्या थांब्यावर उभ्या असताना त्या म्हणाल्या, “सुनंदा, एवढी वर्षं केलेलं काम सारखं नव्यानं समजावून सांगायचं, म्हंजी आपण काही केलंच न्हाई असं वाटायला लागतं गं.”

असल्याच एका बदलात मला लीडर केलं. त्यांच्यावर! मला लाजेनं मान वर करवेना. त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, “बरं झालं. परक्यापेक्षा आपलं माणूस.”

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी त्यांनी मला अर्ज दिला. एक पान, सुवाच्य मराठी. ‘मला पूर्वीप्रमाणे गेटवर माल उतरवून घेण्याच्या कामावर ठेवावे. सततच्या बदलांनी डोके चालेनासे झाले आहे.’ गेटवर एकच काम असतं — गाडी आली, माल मोजला, सही केली. बास. तेवढंच मागत होत्या त्या.

मी म्हटलं, “आजच वर पाठवते, ताई.”

पाठवला नाही.

का नाही पाठवला? विसरले असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण विसरले नव्हते. रूथताई गेटवर गेल्या असत्या तर माझं कसं झालं असतं? नव्या पद्धतीत कुठला माल कुठं आहे हे मला तेव्हाही पुरतं कळत नव्हतं. त्यांना विचारून विचारून मी साहेबांना उत्तरं द्यायचे. त्या गेल्या की आठवड्याभरात माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून तो कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला, वर जुनी रजिस्टरं ठेवली आणि ड्रॉवर लावून घेतला.

दर पंधरा-वीस दिवसांनी त्या हळूच विचारायच्या, “वरनं काही आलं का गं?”

“नाही ताई. नवे साहेब आलेत ना, सगळं पहिल्यापासनं बघतायत.”

“व्हय, त्यांना तरी किती व्याप.”

असं आठ महिने. साहेब खरंच बदलत होते, त्यामुळे मला नवं खोटं शोधायलाही लागत नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या उतरत चालल्या होत्या — डबा तसाच परत न्यायच्या, हाक मारली तर दचकायच्या. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. रोज दिसत होतं.

मग एका दुपारी त्या दोन रॅकांच्या मधे पालथ्या क्रेटवर बसलेल्या दिसल्या. मांडीवर एक खोका. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सुनंदा, यात किती हायेत ते मला कळंना झालंय. तीनदा मोजले.” आवाजात रडू नव्हतं. फक्त लहान मुलासारखं नवल होतं. मी शेजारी बसले, त्यांचा हात धरला. तेव्हा तरी बोलायचं ना मी? ड्रॉवर वीस पावलांवर होता.

आठवड्याभरात त्यांनी राजीनामा दिला. कँटीनमध्ये छोटासा निरोप झाला. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, “सुनंदानं माझ्यासाठी लई खटपट केली. वरच्यांनी ऐकलं न्हाई, त्याला ती काय करणार?” मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतेय. रडतही होते.

पुढं दोन महिन्यांनी दौंडहून येणाऱ्या एकाचा तसाच अर्ज आला. तो मात्र मी नेला. साहेबांनी उभ्या-उभ्या सही केली. म्हणाले, “गेटला केव्हापासनं माणूस हवाच होता. आधी का नाही बोललात?”

गेल्या रविवारी रूथताईंकडे गेले होते. आता पुष्कळ सावरल्यात. अंगणात बसून मेथी निवडत होत्या. मीही निवडायला बसले. वडील थकलेत, कुणाला ओळखत नाहीत, तरी त्या त्यांच्याशी गप्पा मारत होत्या. मला म्हणाल्या, “तू व्हतीस म्हणून तेवढे तरी दिवस निघाले. रोज प्रार्थनेत नाव घेते तुझं.”

मी गड्डी संपवली. निघताना त्यांनी निम्मी मेथी पिशवीत घालून दिली, मुलीला आवडते म्हणून. मी ती घेतली, आणि स्टँडवर आले.