संत्र्यावरचं पांढरं

अकोटहून अमरावतीला कापसाची गाडी नेताना मी एका संत्र्याच्या बागेत पाण्यासाठी थांबलो. एक म्हातारी रिठ्याच्या पाण्यात चिंधी बुडवून एकेक फांदी पुसत होती. फांद्यांना पांढरं काहीतरी चिकटलं होतं.

"आमच्या गाड्यायचा कापूस उडला काय, माय?"

"कापूस कायचा! कीड हाये ते. लेकानं दुरून कलमं आनली, त्यायच्यासंगं आली."

मी बोट लावलं, तर ते पांढरं हळूच सरकलं.

"लेक काय म्हन्ते?"

"बाग तोडतो म्हन्ते. त्याले इथं कपाशी पेरायची हाये. म्या म्हनलं, एक बहार थांब."

पुढच्या हंगामात मी मुद्दाम तिथे थांबलो. अर्धी बाग तुटली होती. उरलेल्या झाडांपाशी लेकच फांद्या पुसत होता आणि म्हातारी सावलीतून ओरडत होती, "पानाच्या खालून पूस, बापा!"

त्याचं मन तिनं कसं वळवलं असेल, याचाच विचार मी अमरावतीपर्यंत करत राहिलो.