बिनमागणीचा मोर्चा

हिंदी मुलखातल्या, कारखान्यांनी वेढलेल्या बीरगांवात कांताबाईला ओळखत नाही असा माणूस एकतर नवा असतो, नाहीतर कारखान्याचा साहेब असतो. साहेबही ओळखतो, दाखवत नाही, एवढंच. वाळत घातलेल्या कपड्यांवर सकाळी काळी धूळ बसते, तेवढ्यावरून तिने पाऱ्यातल्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, बायका गोळा केल्या आणि थेट कलेक्टर ऑफिसपर्यंत चालवल्या. धूळ हटली नाही, तीही हटली नाही.

अशा बाईला मुलगा म्हणाला की जानेवारीत राजस्थानला जायचं आणि तिथे एक दिवस दगडांमधून नुसतं चालायचं.

मुलगा यशदीप रेल्वेच्या ऑफिसात आहे. त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. वाळवंटात लाल खडक, वाऱ्याने खालून कोरत नेलेले आणि वर छत्री तेवढी ठेवलेली. पावसाळ्यात इकडे बाजारात पुटू येतात ना, तशी अळंबीच, पण घराएवढी. सकाळी निघायचं, कड्यावर चढून डबा खायचा, ऊन उतरायच्या आत परत.

"नुसतं चालाचं? कोणाकडं?" कांताबाईने विचारलं.

"किसी के पास नहीं, मम्मी. घूमने."

पोराला मराठी सगळी समजते, पण तोंडातून हिंदीच येते, याचा तिला एरवी राग येतो. त्या दिवशी रागवायचंही सुचलं नाही. जन्मभर ती चालली ती नळासाठी, रेशनसाठी, इस्पितळासाठी, मोर्च्यासाठी. कामावाचून चालणं म्हणजे तिला पायांची थट्टाच वाटली.

तरी एकदा जायचं म्हटल्यावर बेत तिनेच हातात घेतला, आणि बेत म्हणजे तिला एकच येतो. परवानगी कोणाची लागते, पाणी कुठे मिळेल, कोणाला चक्कर आली तर गाडी कुठवर येते, पुढे कोण, मागे कोण. सून पायल पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "और ज्ञापन किसको देना है, मम्मीजी?" हसू नको पोट्टे, कांताबाईने सुनावलं, निवेदन नसलं तर चालते, पाणी नसलं तर चालत नाही.

गाडी अडली ती पुढे कोण, यावर. तिचा नवरा नत्थू शेजारच्या उरला गावातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये राबून निवृत्त झालेला. आता दम लागतो. जिना चढून आला की खांब धरून उभा राहतो आणि वर पंख्याकडे बघतो, जणू त्यातच काही बिघाड आहे. यशदीपच्या मते सोपं होतं, पप्पा हॉटेलवर आराम करतील. हे तो बापासमोरच बोलला, मायेनेच बोलला, आणि नत्थूने लगेच मान हलवली.

"हव. मी बसतो तिथंच. मले काय करा लागते दगडं पाहून?"

कांताबाई भडकली. बाप काय बॅग आहे का, खोलीत ठेवून जायला, असं मुलाला झापलं. आपणहून हव म्हटल्याबद्दल नवऱ्यालाही सोडलं नाही. मग हुकूम काढला. तिच्या मोर्च्यात सगळ्यांत हळू चालणारी अंजनाबाई पुढे असते, झेंडा धरून, आणि बाकीच्या तिच्या चालीने चालतात. तसंच इथे. नत्थू पुढे, सगळे मागे. तिच्या लेखी प्रश्न सुटला होता.

नत्थू ताट सारून उठला. "साऱ्या दुनियेले माहा दम दाखवत नेशीन काय?" एवढं बोलून तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

अंजनाबाईला पुढे चालण्यात मान वाटतो, म्हणून नवऱ्यालाही वाटेल, असं कांताबाई धरून चालली होती. भांडी तशीच ठेवून ती बाहेर त्याच्याशेजारी टेकली. पाऱ्याच्या मागण्या तिला तोंडपाठ होत्या. या माणसाच्या मात्र तिने कधी विचारल्याच नव्हत्या.

"तुमची मागणी काय हाय, ते तं सांगा."

नत्थूने पायरीवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट तिच्यापुढे धरलं. "जिंदगीभर हे खाल्ली. मले एकदा अशी धूळ पाहाची हाय, जे कोण्या मालकाची नाही. वर नाही चढाचं मले. खालूनच पाहीन."

"मंग तसं बोलाचं ना."

"तू बोलू देशीन तवा."

तिला हसू आलं. आत जाऊन तिने कडा रद्द केला. खडकांच्या पायथ्यानेच चालायचं, पहिल्या मोठ्या छत्रीखाली डबा सोडायचा. यशदीप कुरकुरला, सगळी मजा तर वरून बघण्यातच आहे. तू पहाटे एकटा चढून ये, आम्ही पप्पांबरोबर आहोत, असं म्हणत पायलने त्याची बोळवण केली. आता नत्थूनेही अट घातली. थकलात का, असं कोणी विचारायचं नाही, थांबायचं तिथे तो स्वतः थांबेल. कांताबाईने मान्य केलं, पण एका बोलीवर, थांबायचं तर खरंच थांबायचं.

रविवारी सकाळी चौघं सराव म्हणून तलावाच्या रस्त्याला लागले. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडचे ट्रक अंगावरून जात होते. बराच वेळ नत्थू बोलत चालला, मग बोलणं तुटक झालं. कांताबाईच्या जिभेवर प्रश्न आला होता. तिने पदराने तोंड पुसलं आणि तो गिळला. आणखी थोडं चालून, सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी नत्थूने हात वर केला.

"थांबा."

तो दुकानाच्या बाकावर बसला, गमछा सोडला आणि सगळ्यांदेखत मोठमोठे श्वास घेत राहिला. दुकानदाराने पाणी दिलं. श्वास खाली बसल्यावर त्याने यशदीपला विचारलं, तिथली वाळू हातात घेऊ देतात का.