बर्फावरून आणलेला गोटा

"गोटा माहा व्हय, चाचा. बॅग तुमची उलटी झाली, पन गोटा माहा व्हय."

शकूरचाचाचा झारा कढईवरच थांबला. "मंग काल काऊन नाही बोलला बे?"

धम्मरत्नानं चुलीची आच कमी केली.

बीबी गावचा धम्मरत्न अन् देऊळगाव राजाचे शकूरचाचा, दोघं जहाजावरचे आचारी. चाचानेच त्याला ही नोकरी लावून दिली. अंटार्क्टिका सोडून आठवडा झालेला. जहाज असं डुलायचं, की कढई चुलीला बांधून तळण करावं लागे.

तिथला खडाही उचलायचा नाही, हे निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं. पण बीबीच्या विहारात बोधिवृक्षाचा पार बांधणं चालू होतं. जो लांब जाईल त्यानं तिथला गोटा आणायचा, असं ठरलेलं. आई, मनकर्णाबाई, फोनवर म्हणाली होती, "तू सगळ्याइच्या लांब गेला बाप्पा. तुहा गोटा मधात बसवू."

काल मोहिमेचे साहेब सामान तपासायला आले, अन् धम्मरत्नाची गाळण उडाली. हाताला लागली त्या बॅगेत त्यानं गोटा कोंबला. बॅग चाचाची निघाली. साहेबांनी ती सगळ्यांसमोर उलटी केली. लुंगी, नमाजाची टोपी, पोरीचा, आयशाचा फोटो, सगळं फरशीवर; गोटा साहेबांनी ठेवून घेतला. कोणी तरी हसलं, "चाचा, घर बांधून राह्यले काय?" टोपी धम्मरत्नाच्या पायाशी आली. त्याच्यानं तीही उचलवली नाही.

"साहेबाले आत्ता सांगतो," तो म्हणाला.

"एकट्या साहेबाले नको. काल जेवढे हसले, तेवढ्याइसमोर सांग."

जेवणाच्या वेळी त्यानं सांगितलं. आवाज फाटला, म्हणून दोनदा सांगावं लागलं. कोणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. "पुढच्या वर्षी तुझं नाव नाही," साहेब एवढंच बोलले, अन् भाजी वाढून घेतली.

धम्मरत्न स्वयंपाकघरात परतला. "माफ करा, चाचा."

"पाहू," चाचा म्हणाले. "रातच्याले साठ मानसाची खिचडी हाय."

आईला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं. मोरीत जेवणाची ताटं साचली होती. आज घासायची पाळी चाचाची होती. धम्मरत्नानं बाह्या वर सारल्या, अन् पहिलं ताट उचललं.